बुधवारचे अंडे : एका जिल्हा परिषद शाळेतील शालेय पोषण आहाराचा प्रकरण अभ्यास

शाळेची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि व्यक्तींची नावे गाळली आहेत. पट व रकमा यांत किरकोळ फेरबदल केले आहेत. शासन निर्णय, दर आणि निकष मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील बागायती पट्ट्यातले गाव. पहिली ते सातवीची शाळा, पट 118. पहिली ते पाचवी 84 आणि सहावी-सातवी 34. मुले 81 कुटुंबांतली. गावठाणातली बरीच घरे माळकरी, काही लिंगायत, दोन जैन. उरलेली मुले दोन वस्त्यांवरची, शेतमजुरांची आणि ऊसतोडीहून परतणाऱ्यांची. पटाच्या निकषाप्रमाणे (25 पर्यंत एक, 100 पर्यंत दोन, पुढच्या प्रत्येक शंभराला एक) शाळेत तीन स्वयंपाकी-मदतनीस. मानधन महिन्याला 2,500 रुपये.

ताटात काय पडते ते आधी पाहू, कारण वाद अंड्यावर झाला तरी हिशेब ताटाचा आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 प्रमाणे प्राथमिकच्या मुलाला रोज 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. त्यासाठी प्राथमिकला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकला याच्या दीडपट. तांदळातून साधारण 7 ग्रॅम आणि डाळीतून साडेचार-पाच ग्रॅम प्रथिने धरली की 12 चा आकडा कागदावर जुळतो. डाळीचे वरण किती पातळ झाले आणि शेवटच्या ओळीतल्या मुलाच्या ताटात डाळ किती, पाणी किती, हे कागदावर येत नाही.

राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये या आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. 23 आठवडे, बुधवारी किंवा शुक्रवारी, अंड्यामागे 5 रुपये. अंडे न खाणाऱ्याला केळे किंवा स्थानिक फळ. दिवसांची निवड माहितगाराने केलेली दिसते. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे चुलीवर मटण-अंडे चढण्याचे वार. याच काळात प्राथमिकच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्यासाठीचा दर दिवसाला 5 रुपये 45 पैसे होता. म्हणजे एका अंड्याला जवळजवळ एका दिवसाच्या स्वयंपाकाएवढे पैसे. पुढे जे झाले त्याची मुळे या आकड्यातही आहेत, केवळ तुळशीच्या माळेत नाहीत.

अडचण कुठे आली

शाळेने तालुक्याच्या मंगळवारच्या बाजाराशी मेळ घालून बुधवार निवडला आणि डिसेंबरात सुरुवात केली. पहिल्या तीन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या अडचणी आल्या, आणि गावात मात्र तिन्हींना मिळून एकच नाव पडले : अंड्याचे भांडण.

पहिली अडचण स्वयंपाकघरातली. तीन बायांपैकी सर्वांत जुन्या, सगळ्या शाळेचे वरण ज्यांच्या हातचे, त्या माळकरी. अंड्याला हात लावणार नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. मुख्याध्यापकांनी ते काम इतर दोघींकडे दिले, पण पातेले एकच होते. ज्या पातेल्यात मंगळवारी खिचडी शिजली त्यात बुधवारी अंडी उकडली आणि गुरुवारी पुन्हा वरण. ही गोष्ट मुलांनी घरी सांगितली. पुढच्या आठवड्यात गावठाणातल्या अकरा मुलांनी घरून डबे आणले, तेही बुधवारपुरते नाही, रोजचे.

दुसरी अडचण वाटपाची. पहिल्या बुधवारी अंडी सोलून दिली. साठ अंडी सोलायला दोन बायांना पंचवीस मिनिटे लागली, जेवण उशिरा झाले, शिवाय सोलताना फुटलेली अर्धी अंडी कुणाच्या ताटात गेली यावरून मुलांत कुरबुर. दुसऱ्या बुधवारी वेळ वाचावा म्हणून अंडा पुलाव केला. हा निर्णय सर्वांत महागात पडला. पुलावात अंडे गेले की न खाणाऱ्या मुलाला फक्त अंडे नाकारता येत नाही, सगळा भातच नाकारावा लागतो. त्या दिवशी चाळीसच्या वर मुले केळ्यावर राहिली.

तिसरी अडचण बसण्याची. केळेवाल्यांची वेगळी ओळ केली होती, वाढायला सोपे पडावे म्हणून. हेतू साधा होता. पण गावात कोण काय खातो हे जातीशी बांधलेले असते, आणि ओळ कुठल्या आडनावांची आहे हे तिसरीतल्या मुलालाही कळते.

एवढ्यात जानेवारी 2024 मध्ये शासनाने सुधारित सूचना काढल्या. ज्या शाळेत 40 टक्के पालकांची हरकत असेल तिथे अंडी द्यायची नाहीत, सर्वांना फळ द्यायचे. आणि खाणाऱ्या-न खाणाऱ्या मुलांच्या ओळखपत्रावर लाल-हिरवी खूण करायची. शाळेने पालकांकडे फॉर्म पाठवला. त्यात एकच प्रश्न होता : शाळेत अंडी देण्यास आपली हरकत आहे काय? 118 पैकी 49 फॉर्मवर ‘होय’ आले. साडेएक्केचाळीस टक्के. अंडी बंद.

समोर असलेले पर्याय

अंडी बंद होताच वस्तीवरचे पालक शाळेत आले. त्यांचे म्हणणे सरळ होते : आमच्या पोराला अंडे नको असे आम्ही म्हटलेले नाही, मग ते दुसऱ्याच्या सहीने कसे बंद झाले? मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीची खास बैठक बोलावली. या समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. इथे दोन्ही बाजूंचे पालक होते, हे नशीब.

बैठकीत आकड्याचाच घोळ आधी निघाला. 40 टक्के कशाचे? 49 हे फॉर्म होते, म्हणजे मुले. पण ती 49 मुले 30 कुटुंबांतली. 81 पैकी 30 म्हणजे 37 टक्के. मुले मोजली तर अंडी बंद, पालक मोजले तर चालू. ज्या घरात तीन मुले शाळेत, त्या घराला तीन मते द्यायची का, यावर अर्धा तास गेला. केंद्रप्रमुखांना फोन लावला, त्यांनी समितीनेच ठरवावे असे सांगितले. मग एका पालक-बाईंनी वेगळाच मुद्दा काढला. त्या स्वतः माळकरी. त्यांनी ‘हरकत आहे’ वर खूण केली होती, पण ती आपल्या मुलीपुरती. बाकीच्यांनी खावे की नाही हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. इथे बैठक वळली.

टेबलावर चार पर्याय आले.

सर्वांना फळ. सर्वांत कमी कटकटीचा, आणि सूचनांच्या चौकटीत बसणारा. विरोधात एकच गोष्ट, पण वजनदार : एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिने असतात, एका केळ्यात जेमतेम 1. शिवाय ब-12 हे जीवनसत्त्व डाळीत, भातात, केळ्यात नसते. ते दूध आणि प्राणिजन्य अन्नातूनच येते. ज्या घरात दूध डेअरीला जाते आणि चहापुरते उरते, तिथे बुधवारचे अंडे हा त्या मुलाचा आठवड्यातला एकमेव आधार असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली होती. तीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येतात.

अंडा पुलाव आणि साधा पुलाव, दोन वेगळी पातेली. तीन बाया आणि दोन शेगड्या यात हे बसत नव्हते. बाद.

अंडे शाळेत न देता घरी न्यायला द्यायचे, कच्चे. काही पालकांना हे आवडले. पण घरी गेलेले अंडे त्याच मुलाच्या पोटात जाईल याची खात्री नाही, आणि दप्तरातून दीड किलोमीटर चालत जाणारे कच्चे अंडे वह्यांचे काय करेल हे सांगायला नको.

अंडे कवचासह उकडून, ज्याचे त्याला. बाकी जेवण सर्वांना एकच, पूर्ण शाकाहारी. यात कष्ट अधिक होते, पण कुणाचे काही काढून घेतले जात नव्हते.

चौथ्या पर्यायावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. पण त्याआधी फॉर्म पुन्हा घ्यावा लागणार होता, आणि या प्रकरणात कळीचा निर्णय तोच ठरला.

काय केले

दुसऱ्या फॉर्मवर एका ऐवजी तीन चौकटी होत्या. माझा पाल्य अंडे खाईल. माझा पाल्य खाणार नाही, त्याला फळ द्यावे, इतरांना देण्यास हरकत नाही. शाळेत कुणालाच अंडे देऊ नये. सहीला आई किंवा वडील, कुणीही एक.

उत्तरे अशी आली : पहिल्या चौकटीत 66, दुसऱ्या 38, तिसऱ्या 9, पाच फॉर्म परत आलेच नाहीत. लोक तेच, गाव तेच, तीन आठवड्यांत कुणाचे मतपरिवर्तन झालेले नाही. 49 चे 9 झाले ते फक्त प्रश्न बदलल्याने. ‘मला नको’ आणि ‘कुणालाच नको’ या दोन गोष्टी पहिल्या फॉर्मने एकाच रकान्यात कोंबल्या होत्या. न आलेले पाच फॉर्म ‘खाणार नाही’ असे धरले. संमती गृहीत धरायची नाही हा नियम समितीने लिहून ठेवला.

लाल-हिरव्या खुणेचा प्रश्न होता. ओळखपत्र मूल गळ्यात घालून गावभर हिंडते. समितीने ठराव करून खुणा वर्गाच्या हजेरीपटात, नावापुढे पेन्सिलीने ठेवल्या आणि दर बुधवारी वर्गशिक्षकांनी अंड्यांचा आकडा सकाळी साडेदहाला स्वयंपाकघरात चिठ्ठीवर द्यायचा असे ठरवले. सूचनेतला हेतू साधला, जाहिरात टळली. तपासणीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी याबद्दल विचारले, ठराव पाहिला आणि पुढे गेले. प्रत्येक अधिकारी असाच पुढे जाईल असे नाही, म्हणून ठराव हवाच.

बसणे वर्गवार केले. केळे आणि अंडे दोन्ही एकाच शिक्षकाने, एकाच टोपलीतल्या दोन कप्प्यांतून वाटायचे.

स्वयंपाकघरातली घडी अशी बसली. झाकणासह 20 लिटरचे वेगळे ॲल्युमिनियमचे पातेले, कडीला लाल सुतळी, त्याचा झारा आणि बादली वेगळी. धुण्याची जागा बाहेरच्या नळावर. पातेल्याचे पैसे ग्रामपंचायतीने दिले. माळकरी बाईंकडे भात-वरण. ते आधी तयार करून झाकून बाजूला ठेवायचे, मग दुसऱ्या शेगडीवर अंडी. त्या बाईंनी काम सोडले नाही, उलट पुढे चव नोंदवहीत बुधवारच्या वरणाचे सर्वाधिक कौतुक नोंदले गेले. घरून येणारे अकरा डबे महिन्याभरात दोनवर आले.

उकडण्यातले बारकावे शाळेला चुकत-चुकत कळले, ते इथे एकत्र देतो. इतर शाळांना तेवढेच वाचेल.

अंडी मंगळवारी घ्यावीत, पण त्या दिवशीची ताजी मागू नयेत. पोल्ट्रीतून थेट आलेल्या ताज्या अंड्याचे कवच पांढऱ्याला चिकटून राहते आणि सोलताना निम्मे अंडे कवचाबरोबर जाते. चार-पाच दिवसांची अंडी नीट सुटतात. घेताना पाण्याच्या बादलीत टाकून पाहावीत : आडवे तळाशी बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने पण चालेल, तरंगले तर फेकावे. तडकलेले अंडे ट्रेमध्येच वेगळे काढावे, उकडत्या पाण्यात ते फुटून सगळे पाणी गढूळ करते. उकडण्याआधी अंडी धुवावीत, आदल्या रात्री मुळीच नाही. ओले कवच रात्रभर ठेवले की जंतूंना आत जायला वाट मिळते.

पातेल्याच्या तळाशी जुने स्वच्छ सुती फडके घालावे, नाहीतर साठ अंड्यांच्या थरात खालची दहा-बारा तडकतात. अंडी गार पाण्यात घालून मग आच लावावी. पाण्याला उकळी फुटल्यावर बारा मिनिटे मोजावीत. साठ अंड्यांना उकळी यायलाच पंचवीस मिनिटे लागतात, हा वेळ धरला नाही म्हणून एका बुधवारी आतून कच्ची अंडी निघाली. दुसऱ्या टोकाला, गॅस तसाच चालू राहिला तर पिवळ्याभोवती हिरवट कडे येते आणि गंधकाचा वास सुटतो. ते अंडे खराब नसते, पण मुले ते टाकतात. बारा मिनिटांनी पाणी ओतून लगेच गार पाण्यात. उकडलेली अंडी दोन तासांत संपवायची, उरलेली कुणाला घरी द्यायची नाहीत.

सोलायचे मुलांनीच. तिसरीच्या पुढची मुले सहज सोलतात, पहिली-दुसरीला मोठी मुले मदत करतात. याने बायांची पंचवीस मिनिटे वाचली, अंड्याला कमी हात लागले, आणि कवचातले अंडे पूर्ण असते म्हणून अर्ध्या अंड्याची तक्रारही संपली. कवचे गोळा करायला प्रत्येक ओळीला एक डबा. ती परसबागेच्या खड्ड्यात. सुरुवातीला कवचे पटांगणात सांडली तेव्हा शेजारच्या देवळाच्या पुजाऱ्यांनी केलेली तक्रार अगदी रास्त होती.

पैशाचे गणित

बुधवारी सरासरी 102 मुले हजर. त्यांत अंडे घेणारी 58, केळे घेणारी 44. मिळणारे पैसे 102 गुणिले 5, म्हणजे 510 रुपये. गावातल्या दुकानात तीसचा ट्रे 195 रुपयांना होता. तालुक्याच्या पोल्ट्रीवर 175 ला. दोन ट्रे 350. केळी 40 रुपये डझनने चार डझन, 160. एकूण 510. पै न पै जुळते, आणि म्हणूनच ते फसवे आहे. यात पोल्ट्रीपर्यंतचे पेट्रोल नाही, तडकलेली दोनाहून जास्त अंडी नाहीत, वाढीव गॅस नाही. ते शिक्षकांच्या खिशातून गेले.

त्याहून महत्त्वाचे असे की हे गणित केळ्यावर उभे आहे. अंडे पावणेसहा रुपयांना पडत होते आणि केळे सव्वातीन-साडेतीनला. केळे खाणाऱ्या मुलाच्या 5 रुपयांतून वाचलेल्या दीड रुपयाने शेजारच्या मुलाच्या अंड्याची तूट भरली जात होती. ज्याच्या घरचा नियम शाकाहाराचा, त्याला प्रथिनांत सहाऐवजी एकच ग्रॅम मिळाला आणि पैशांतही कमी. बैठकांमध्ये अंड्याच्या बाजूने बोलणाऱ्या कुणीही हा मुद्दा काढला नाही. विरोध करणाऱ्यांनीही नाही. त्यांचे सगळे लक्ष अंडे थांबवण्यावर होते, आपल्या मुलाला बदल्यात काय मिळते याकडे नव्हते.

जानेवारी 2025 नंतर

जून 2024 मध्ये नवी पाककृती-यादी आली, तीत अंडा पुलाव होता. शाळेने तो न करता कवचातले अंडेच चालू ठेवले. श्रावणात, 5 ऑगस्टपासून पुढे महिनाभर, आकडा 58 वरून 21 वर आला. तेव्हा नवा फॉर्म न घेता वर्गात हात वर करून आकडा घेतला गेला. तात्पुरत्या बदलाला तेवढे पुरते.

जानेवारी 2025 च्या शासन निर्णयाने अंड्यासाठीचा आणि साखरेसाठीचा निधी थांबला. अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. करायचे असतील तर शाळेने लोकसहभागातून साहित्य मिळवावे. अंड्यांवर बंदी आली असे गावात पसरले, ते चूक होते. पण ट्रे तेव्हा 200 रुपयांवर गेला होता आणि आठवड्याला 400 रुपये कुठून आणायचे, हा प्रश्न बंदीपेक्षा वेगळा उरला नाही.

समितीने पालकांकडून अंड्यामागे 7 रुपये घेण्याचा विचार केला आणि सोडला. ज्यांना अंड्याची सर्वाधिक गरज तेच देऊ शकणार नव्हते, आणि पैसे न आणलेल्या मुलाला वगळून वाढणे कुणाला जमणार नव्हते. मग तिथीभोजनाचा मार्ग धरला : वाढदिवस, पुण्यतिथी, सण यानिमित्त दात्याने एक बुधवार घ्यावा.

फेब्रुवारी ते एप्रिल 2025 या काळात 13 बुधवार येत होते. शिवजयंती आणि महाशिवरात्र दोन्ही बुधवारीच आल्याने 11 उरले. त्यांपैकी तीन बुधवारी अंडी मिळाली : दोनदा पोल्ट्रीवाल्याकडून आणि एकदा 14 एप्रिलच्या निमित्ताने वस्तीवरच्या तरुण मंडळाकडून. दोनदा जिलेबी आणि शिरा, एकदा केळी. पाच बुधवार कोरे.

गावात दान देण्याची ऐपत असलेली घरे बहुतेक गावठाणातली, आणि वडिलांच्या पुण्यतिथीला अंडी कोण देणार? त्यांनी गोड दिले, मनापासून दिले. याचा परिणाम असा की दुसऱ्या फॉर्मवर ज्या प्रश्नाचे उत्तर 118 पैकी 66 विरुद्ध 9 असे आले होते, तो प्रश्न आता दात्याच्या देवघरात सुटू लागला. कुणी अंडे बंद केले नव्हते, तरी शाळेचे जेवण शाकाहारी झाले होते.

दक्षिणेकडच्या राज्यांत हीच गाठ वेगळ्या जागी सोडवली गेली. तमिळनाडूत अंडी राज्यपातळीवरच्या निविदेने घेतली जातात आणि न खाणाऱ्याला केळे दिले जाते. दराची चढ-उतार शाळेच्या दारात येत नाही. कर्नाटकात 2021 अखेर उत्तरेकडच्या काही जिल्ह्यांत अंडी सुरू झाली तेव्हा मठाधिपतींनी कडाडून विरोध केला, तरी योजना पुढे राज्यभर गेली, आणि 2024 मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहा दिवस अंडी देण्याची सोय झाली. तिथेही दाता आहेच, पण तो एका करारात बांधलेला आणि वर्षांच्या हिशेबाने. बुधवार-बुधवार शोधावा लागणारा नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला फॉर्म पाठवण्याआधी तो दोन पालकांकडून वाचून घ्यायला हवा होता. दहा मिनिटांचे काम. तीन आठवड्यांची बंदी आणि वस्तीवरच्या पालकांचा अपमान टळला असता. मोजणी कुटुंबाने की मुलाने, हेही फॉर्म उघडण्याआधी ठरवायचे असते. आकडे दिसल्यावर ठरवलेला नियम कुणालाच पटत नाही.

वेगळे पातेले पहिल्या दिवसापासून हवे होते. सातशे-आठशे रुपयांच्या वस्तूसाठी अकरा मुलांचे डबे आणि एका अनुभवी बाईंचे मन पणाला लागले.

शाकाहारी मुलाच्या पर्यायावर कुणी पाच मिनिटे खर्च केली असती तर केळे हे उत्तर टिकले नसते. 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, गुळासोबत, साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिने देतात आणि घाऊक बाजारातून घेतले तर 5 रुपयांत बसतात. ब-12 त्यातून मिळत नाही. त्यासाठी पेलाभर दूध लागेल, आणि ते 5 रुपयांत येत नाही. म्हणून शेंगदाणे दर बुधवारी आणि दूध महिन्यातून एकदा तरी, डेअरीच्या संस्थेकडून, अशी मांडणी या गावात शक्य होती. डेअरीच्या अध्यक्षांची नात याच शाळेत चौथीत होती आणि त्यांना कुणी विचारले नव्हते. शेंगदाणे द्यायचे तर दोन काळज्या : बुरशीचा किंवा खवट वास आलेला माल अजिबात नको, आणि शेंगदाण्याने अंगावर पुरळ किंवा धाप येणारे मूल आहे का हे फॉर्मवरच विचारून घ्यायचे.

तिथीभोजनासाठी दात्याला मोकळा बुधवार देण्याऐवजी पावती-पुस्तक ठेवायला हवे होते : रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात, पदार्थ समितीने ठरवायचा, दात्याचे नाव फलकावर. ज्याला अंड्यासाठी पैसे द्यायचे नाहीत त्याने पावतीवर ‘शेंगदाणे-दूध’ असे लिहावे. अंड्यासाठी देणारे दुसरे असतात. जून 2025 मध्ये समितीने असे पुस्तक छापून घेतले. पहिल्या पावतीवर 400 रुपये आहेत, हेतूच्या रकान्यात ‘अंडी’, आणि नाव त्या माळकरी पालक-बाईंचे.